हातचे राखून

पत्र थोडक्यात:

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून ४३ वर्षांच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे. गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागी, त्यांनी १४ हंगाम काम केले. सुरुवातीला मूर्ती घासणे आणि पांढऱ्याचा हात देणे, मग रंगकाम, आणि शेवटची ६ वर्षे डोळ्यांची आखणी. तीन वर्षांपूर्वी चतुर्थी उलटल्यावर दोन्ही हातांची बोटे सुजू लागली आणि सकाळी चहाचा कप धरवेनासा झाला. आठ महिने तेल, लेप आणि काढे झाल्यावर आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी औषधे चालू आहेत. सूज बरीच उतरली आहे, उजव्या हाताची दोन बोटे मात्र पूर्ण मिटत नाहीत. दोन हंगाम घरी गेल्यावर यंदा शाळेच्या मालकांनी, ज्यांना त्या काका म्हणतात, निरोप पाठवला आहे की २०० पाट आहेत (म्हणजे तेवढ्या घरांनी मूर्तीसाठी आपले पाट आणून दिले आहेत), आखणीला ये. सासूबाईंचे म्हणणे, “त्या मातयेनच तुझे हात खाल्ल्यान.” त्यांनी घरात कोकम आणि मासळीही बंद केली आहे. यजमान म्हणतात, झेपत असेल तर जा. सकाळचा नारळ, भाकऱ्या, कपडे आणि विहिरीचे पाणी आटोपून आपण दहापर्यंत मोकळ्या होऊ शकतो, लावणीचे चार दिवस तेवढे सुट्टी घ्यावी लागेल, असे त्या लिहितात. दुखण्याविषयी काकांना काही न सांगता औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून हंगाम निभावता येईल का, आणि आठवड्याच्या गोळीने दुसऱ्या दिवशी मळमळते म्हणून ती दोन महिने थांबवली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राचा शेवट असा आहे: “देवाच्या डोळ्यात रेघ हलली तर मला कोणी क्षमा करणार नाही, मीसुद्धा नाही.”

प्रिय ताई,

गोळ्यांचे उत्तर आधी देते, कारण बाकीच्या गोष्टींवर विचार करायला सवड आहे, हिला नाही. आठवड्याची गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. तुमच्या हातांची सूज उतरलेली दिसते ती आजार निघून गेला म्हणून नव्हे, तर औषधाने त्याला दाबून धरले आहे म्हणून. ह्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. औषध सुटले की ती दुसऱ्याच दिवशी उसळते असेही नाही. काही आठवडे सारे ठीक वाटते, माणूस म्हणतो की पाहा, गोळीवाचून चालते आहे, आणि नेमका ऐन चतुर्थीच्या तोंडावर हात सुजतो. मग गोळी पुन्हा सुरू केली तरी तिचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणजे तोवर विसर्जनही होऊन जाते. मळमळ मात्र सोसत बसण्याची गोष्ट नाही. गोळी रात्री झोपताना घेणे, फॉलिक ॲसिडची जोड देणे किंवा तिची मात्रा बदलणे, गोळीऐवजी इंजेक्शन देणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात, पण त्यांना मळमळ होते हेच ठाऊक नसेल तर ते काय करणार? ह्या औषधावर असलेल्या सर्वच वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी सांगते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांनी त्या विचारापाशीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

दुकानातून आणायच्या वेदनाशामक गोळ्यांविषयी माझे मत त्याहून स्पष्ट आहे. त्या दुखणे थांबवतात, सांध्याची हानी थांबवत नाहीत, आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड ह्यांना त्रास देतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना तर त्या डॉक्टरांना सांगूनच घ्यायच्या असतात. तुमच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. दुखत नाही म्हणून तुम्ही पूर्वीसारख्या दिवसाला पंचवीस मूर्ती कराल, आणि सांध्याने जे तुम्हाला पाचव्या मूर्तीलाच सांगितले असते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कप धरताना कळेल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. “सकाळचा नारळ, भाकऱ्या, कपडे आणि विहिरीचे पाणी आटोपून.” तुमचा प्रश्न आहे की दुखऱ्या हातांनी कामाला जावे की नाही. ह्या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे की सध्या ते हात घरी विश्रांती घेत आहेत. पण विळीच्या खवणीवर नारळाची वाटी दाबून फिरवताना मनगट आणि बोटांची मुळे ह्यांच्यावर जो भार येतो, तो बारीक ब्रश धरण्याच्या कितीतरी पट असतो. खोबऱ्याचा रस पिळताना, चादर पिळताना, कळशीचा दोर ओढताना मूठ आवळावी लागते, आणि सुजलेल्या सांध्याला सर्वात जाचक काय असेल तर ती आवळलेली मूठ आणि पिळा. लावणीत तर चार दिवस कमरेत वाकून, चिखलात बोटे खुपसून रोप लावायचे. आश्चर्य वाटते ते ह्याचे की ह्यांपैकी कशालाही घरात कोणी हरकत घेतलेली नाही. तुम्हीही नाही. आजार आठवला तो फक्त त्या एका कामाच्या वेळी, ज्याचे तुम्हाला पैसे मिळतात आणि ज्यात तुमचा जीव रमतो.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडच्या घरांत बाईच्या घरकामाला कामच म्हणत नाहीत, त्यामुळे ते हिशेबात धरण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पण तुमच्या हाताला तो भेद ठाऊक नाही. त्याच्यापुरता दिवस एकच असतो आणि बळही एकच, मग ते खवणीवर खर्च होवो की ब्रशवर. शाळेत बेरीज शिकताना आपण हातचा एक पुढच्या घरात नेत असू. ह्या आजारात तसेच होते. कालचा शीण आजच्या दिवसात हातचा म्हणून येतो, आजचा उद्याच्या दिवसात, आणि आठवड्याच्या शेवटी बेरीज हाताबाहेर जाते. थकवा हा ह्या आजाराचाच भाग आहे, तो आळस नव्हे, हेही ह्यानिमित्ताने घरातल्यांना समजावे.

म्हणून माझ्या मते प्रश्न शाळेत जावे की नाही हा नसून, हाताचे जे मर्यादित बळ उरले आहे ते कोणत्या कामाला द्यायचे हा आहे. आपण ‘हातचे राखून काम करणे’ हा दोष मानतो, आणि तुमच्यासारख्या जीव ओतून काम करणाऱ्या बाईला तर ते शिवीसारखे वाटेल. तरीही पुढचे चार महिने तुम्हाला तेच शिकायचे आहे, आणि त्याची सुरुवात शाळेत न करता स्वयंपाकघरात करायची आहे. नारळ खवण्याचे काम यजमानांकडे किंवा मुलांकडे जाऊ शकते, ओले खोबरे मिक्सरमध्ये बारीक होऊ शकते, भाकरीऐवजी हंगामापुरता भात होऊ शकतो. विहिरीवर मोटर नसेल तर पाणी दुसऱ्या कोणी काढावे. आखणीच्या पैशांतून कपडे धुण्यापुरती एखादी बाई लावता आली तर तो खर्च चैन म्हणून न मोजता ब्रश आणि रंगासारखा, कामाचा खर्च म्हणून मोजा. लावणी ह्या वर्षी नकोच. वाकण्याच्या त्रासाखेरीज आणखी एक कारण आहे. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते, आणि तुमचे औषध प्रतिकारशक्ती थोडी खाली ठेवते. पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढू नका, आणि गावातल्या डॉक्टरांना आठवड्याच्या गोळीचे नाव आधी सांगा, कारण कोट्रायमोक्साझोलसारखी काही प्रतिजैविके तिच्याबरोबर घातक ठरू शकतात.

सासूबाईंचे म्हणणे हसून उडवू नका, असे मी सांगेन. ओल्या मातीत हात घातल्याने आमवात होतो हे खरे नाही. तसे असते तर भातशेती करणारा अख्खा तळकोकण बोटे वाकडी घेऊन फिरला असता. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक होतो, त्यात अनुवंशाचा वाटा असतो, धूम्रपानाने त्याची शक्यता वाढते. पावसाळी गारव्यात सांधे अधिक धरतात असा अनेकांचा अनुभव आहे, पण अनुभव दुखण्याचा आहे, मूळ कारणाचा नाही. मात्र मातीच्या बाबतीत सासूबाईंचे बोलणे एका कोपऱ्यात बरोबर आहे. वाळलेली मूर्ती पॉलिश पेपरने घासताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असू शकते, आणि सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जाणे हे ह्या आजाराच्या जोखमींपैकी एक मानले जाते. तुमच्या बाबतीत तेच कारण झाले असे कोणी म्हणू शकणार नाही, परंतु घासकामाकडे तुम्ही आता वळू नये, आणि जे घासतात त्यांनी तोंडाला चांगला मास्क लावून, मूर्ती किंचित ओलसर करून घासावे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. सासूबाईंना हे सांगून पाहा. त्यांच्या बोलण्यातला खरा भाग मान्य केला की उरलेला भाग त्या सोडून देण्याची शक्यता वाढते. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या. सुनेचे ऐकणार नाहीत ते त्या डॉक्टरांचे ऐकतील.

जेवणाचेही तेव्हाच विचारून घ्या. दोन निराळ्या दुखण्यांची पथ्ये आपल्याकडे एकाच ताटात वाढली जातात. युरिक ॲसिड वाढून जो वातरक्त होतो त्यात काही मासळी कमी करायला सांगतात, तो आजार तुमचा नव्हे. तुमच्या आजारात कोकम सोडण्याचे कारण नाही आणि मासळी सोडण्याचे तर नाहीच. बांगडा आणि तारली ह्यांच्यातले तेल उलट चांगले. कोकणातल्या बाईची सोलकढी आणि बांगडा दोन वर्षे बंद ठेवायचा आणि मग तिला अशक्तपणा का येतो म्हणून विचारायचे, ह्याला काय म्हणावे?

काकांपासून दुखणे लपवण्याचा विचार मला समजतो, पण त्यामागचे गृहीत तपासून पाहू. तुम्हाला वाटते की त्यांना ठाऊक नाही. ताई, तुम्ही दोन हंगाम शाळेत गेला नाहीत, तालुक्याच्या गावी तपासण्यांना गेलात, आठ महिने गावातले काढे घेतलेत. खेड्यात हे गुपित राहते असे तुम्हाला खरोखर वाटते का? काकांना तुमचा आजार माहीत असणार आणि माहीत असूनही त्यांनी निरोप पाठवला आहे, हे अधिक संभवते. त्यांना ठाऊक नाही ते एवढेच की तुमच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही. ते तुम्ही न सांगितल्यास ते २०० पाटांचा हिशेब तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या हातांवर मांडतील. हात सुजल्यामुळे शेवटच्या आठवड्यात तुम्ही अचानक थांबलात तर त्यांची खरी अडचण होईल, आणि पाट देऊन गेलेल्या घरांना ते काय सांगणार? म्हणजे ज्या भिडेपोटी तुम्ही गप्प राहणार, त्याच माणसाला त्या गप्प राहण्याची झळ सर्वात जास्त लागेल.

बोलताना आजाराचे वर्णन करत बसू नका, कामाचे बोला. “काका, आखणी मी करीन. घासणे, माती मळणे, पाट उचलणे माझ्याकडून होणार नाही. दिवसाला पाचच मूर्ती घेईन, अकरा ते चार. एखाद्या सकाळी हात धरला तर मी येणार नाही, त्यासाठी दुसरे कोणीतरी हाताशी हवे.” एवढे पुरे. वेळ अकराची सांगण्याचे कारण तुम्हाला ठाऊकच आहे: ह्या आजारात सकाळचा आखडलेपणा ओसरायला तास-दोन तास जातात, आणि त्या वेळात बारीक काम करणे म्हणजे गंजलेल्या कडीशी झटापट करणे आहे.

पाचच का, हेही काकांना हिशेबाने दाखवता येईल. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. म्हणजे तुम्हाला गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस अधिक मिळाले आहेत, आणि आषाढच जुलैच्या मध्यावर लागणार आहे. समजा काकांनी लहान मूर्तींचा पहिला घाणा लवकर रंगवून ५ ऑगस्टपासून तुमच्यापुढे ठेवायला सुरुवात केली. १३ सप्टेंबरपर्यंत ४० दिवस होतात, रोजच्या ५ मूर्ती धरल्या तर बरोबर २००. पण हा हिशेब कागदावरचा आहे, आणि तो पाहून तुम्ही खूश झाला असाल तर थांबा. त्यात एकही सुट्टी नाही, नागपंचमी नाही, हात सुजण्याचा दिवस नाही. आठवड्याला एक दिवस विश्रांतीचा धरला की १७० वर येतो, आणि चार-सहा वाईट दिवस धरले की १५० च्या आसपास. म्हणून शब्द द्यायचा तो १५० चा. उरलेल्या मूर्ती दुसऱ्या हाताने व्हाव्यात, आणि तो हात तुम्ही शिकवलेला असावा. ह्याला तुम्ही तुमची जागा घेणारी माणसे तयार करणे समजाल, पण मला तसे वाटत नाही. आपण त्या जागेला कारखाना न म्हणता शाळा म्हणतो, तर तिथे निदान एकाने तरी शिकवायला हवे. शिकवण्याचा वेगळा मोबदला ठरवून घ्यायलाही संकोच करू नका. नगावर मिळणारे पैसे कमी होणार आहेत, आणि ते काकांनाही दिसते.

खरी लढाई शेवटच्या आठवड्याची असेल. सगळी आखणी शेवटाला, पेट्रोमॅक्सच्या किंवा बल्बच्या उजेडात, रात्री जागून करायची ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे. रंग पावसात वाळत नाहीत हे खरे असले तरी त्यात ढिलाईही असते. तुमच्या येण्याने काकांना वेळापत्रक बदलावे लागले तर त्यात शाळेचेही भलेच आहे, आणि तुमच्याहून धडधाकट कारागिरांच्या पाठींचेही.

आता हाताची सोय. बारीक ब्रशची बारीक दांडी चिमटीत धरायला बोटांना सर्वात जास्त आवळावे लागते, म्हणून दांडी जाड करायची. किती जाड, हे तुमच्याइतके चांगले कोणाला कळणार? ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा दांडीवर चढवा, डोळे मिटून ब्रश जसा सहज धरवेल तसा धरा आणि अलगद सोडा. मातीवर तुमच्या आजच्या बोटांचा ठसा उमटेल, मिटत नसलेल्या त्या दोन बोटांसकट. मातीची मूठ जड होते, तेव्हा तोच आकार स्पंज आणि सुती कापड गुंडाळून, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून तयार करा. जमिनीवर मांडी घालून काम करण्याऐवजी पाठ असलेल्या खुर्चीवर बसा आणि मूर्तीचा पाट एवढा उंच ठेवा की देवाचे डोळे तुमच्या छातीच्या उंचीला येतील. दोन बाजूंना जांभ्याचे चिरे रचून त्यांवर एक फळी आडवी टाकली की हाताला टेकू मिळतो. आखणी करताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवण्याची जी सवय तुम्हाला असेल तिचा भार मग फळी घेते. पाट फिरवायला दुसऱ्याला हाक मारायची, स्वतः ढकलायचा नाही. वीस मिनिटांनी ब्रश खाली ठेवायचा, रेघ अर्धी असली तर ती पुरी करून, पण पुढची न घेता. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलकेच उघडमीट करायची. मनगटाचा पट्टा लावायचा तर जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात काही ठिकाणी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडून मापाचा घ्यावा. हे शास्त्र हातांच्या रोजच्या कामाचेच आहे आणि फार थोडे रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

इथे माझी एक चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका वाचक भगिनींना मी ह्याच सदरात पूर्ण विश्रांती घ्या असे लिहिले होते. त्यांनी ती इतक्या निष्ठेने घेतली की सहा महिन्यांत बोटे आखडली आणि मशीनही विकले गेले. सूज भडकलेली असताना सांध्याला विश्रांती हवीच. पण आजार आटोक्यात असताना हात नुसता जपून ठेवणे हे औषध नव्हे. तुम्हाला ‘जाऊ नका’ असे न लिहिण्यामागे ती जुनी गोष्टही आहे.

रेघ हलण्याच्या भीतीविषयी मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ती हलू शकते. मूठ बदलली की हाताचे वळण बदलते, आणि तुमच्या आखणीची जी ओळख गावाला आहे ती थोडी वेगळी दिसू शकते. पण हे देवाच्या डोळ्यात करून पाहण्याची गरज नाही. घरात नारळाच्या करवंट्यांना तोटा नाही. करवंटी बाहेरून घासून घ्या (हे मात्र घरातल्या दुसऱ्याकडून), पांढऱ्याचा हात द्या, आणि तिच्यावर डोळे आखा. तिचा फुगवटा गालाच्या फुगवट्याशी मिळताजुळता असतो. सपाट कागदावर सराव करून तो अंदाज येत नाही. पहिल्या दिवशी एकच. वरच्या पापणीची रेघ, जी तुम्ही श्वास रोखून एका झटक्यात ओढत असाल, ती कदाचित आता दोन टप्प्यांत ओढावी लागेल, आणि जोड कुठे लपवायचा हे तुम्हाला शोधावे लागेल. काम थांबवल्यानंतर दोन तासांपेक्षा जास्त वेळ हात ठणकत राहिला तर त्या दिवशी जास्त झाले असे समजा आणि पुढच्या वेळी कमी करा. हळूहळू पाचापर्यंत या. जुलैच्या मध्यापर्यंत पाच करवंट्या जमल्या आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ नेहमीसारखी गेली, तर काकांना होकार कळवा. जमल्या नाहीत, किंवा मधल्या काळात सूज परत आली, तर ह्या वर्षी आखणी नको. तेव्हाही शाळेत तुमच्यासाठी काम आहे. रंग मिसळण्याची नजर बोटांत नसते. आणि एखादे वर्ष मुळीच न जाणे हाही पर्याय आहे. फक्त तो आजार पाहून निवडा, लोक काय म्हणतील ते पाहून नको.

ज्यांची नोकरी सरकारी आहे, म्हणजे शाळेत, रुग्णालयात किंवा कार्यालयात, अशा वाचकांची पत्रेही ह्या विषयावर येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. आमवात हे नाव त्या कायद्याच्या २१ प्रकारांत वेगळे दिलेले नाही, पण सांधे कायमचे अधू झाले असतील तर अस्थिव्यंगाच्या तपासणीला जाता येते. राजीनामा लिहिण्याआधी हे करावे. ताई, तुमच्या शाळेला हा कायदा उपयोगी नाही; तिथे काकांशी नीट झालेले बोलणेच कामाला येईल.

डॉक्टरांची पुढची भेट आषाढ लागण्याआधीच घ्या. रक्ताच्या तपासण्या, म्हणजे पेशींची गणना आणि यकृत, वेळच्या वेळी होत आहेत ना ते पाहा, मळमळीचे सांगा, आणि हंगामात काय करणार आहात तेही सांगा. आणखी एक. रोजची जी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी तुम्ही घेता, ती दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो. तुमच्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही. इतकी वर्षे दुसऱ्याचे डोळे आखलेत, तेव्हा ही तपासणी राहिली असेल तर ती आधी उरका.

पहिली करवंटी ह्याच आठवड्यात घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटे उघडायला किती मिनिटे लागली ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. ती वहीच डॉक्टरांना दाखवता येईल, आणि काकांनाही.